सायलेन्सरवर रोलर, हेडरला मोकळे रान!

राज्यातील जवळपास प्रत्येक मोठ्या शहरात अधूनमधून एक दृश्य हमखास पाहायला मिळते. पोलीस मुख्यालयाच्या मैदानावर किंवा एखाद्या मोकळ्या रस्त्यावर जप्त केलेले सायलेन्सर ओळीने मांडले जातात, छायाचित्रकारांना बोलावले जाते आणि मग त्यांच्यावरून रोड रोलर फिरतो. बातमी होते, नागरिक समाधान व्यक्त करतात आणि काही दिवसांतच तसलेच सायलेन्सर दुकानांतून पुन्हा विकले जाऊ लागतात. या कारवाईमागील भावना योग्यच आहे. मध्यरात्री इस्पितळासमोरून फटाके फोडत जाणाऱ्या दुचाकीस्वाराची बाजू घेण्याचे कोणालाही कारण नाही. परंतु या रोलरखाली जे येते, ते कानाला त्रास देणारे असते. फुप्फुसाला त्रास देणारा बदल बहुधा इंजिनाला चिकटून झालेला असतो आणि तिथवर पोलिसांचे कान पोहोचत नाहीत, की पीयूसी केंद्राची नळीही पोहोचत नाही.

महागड्या स्पोर्ट्स मोटारींच्या शौकिनांमध्ये गेल्या काही वर्षांत रुजलेला ‘हेडर’ बसवण्याचा प्रकार हे याचे ठळक उदाहरण. त्याच्या जोडीने इंजिनाचे माउंट, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ‘फाउंडेशन’, बदलण्याचीही प्रथा आहे. एकाच दिवशी, एकाच लिफ्टवर होणारी ही दोन कामे. त्यांतील एक पर्यावरणाच्या दृष्टीने जवळपास निरुपद्रवी, तर दुसरे मोटारीचे प्रदूषण कैक पटींनी वाढवू शकणारे. मात्र आपला कायदा या दोहोंकडे एकाच नजरेने पाहतो आणि प्रत्यक्षात दोहोंकडे पाहतच नाही.

हेडर म्हणजे काय?

इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमधून बाहेर पडणारा जळका वायू एकत्र करून मागच्या नळीत सोडणारा जो भाग मोटारीला मुळात असतो, त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. पारंपरिक मॅनिफोल्ड ओतीव लोखंडाचा, आखूड आणि जाड असतो. तो स्वस्त पडतो, वर्षानुवर्षे टिकतो, आवाजही दाबतो. त्याच्या जागी पोलादाच्या पातळ भिंतीच्या, शक्यतो सारख्या लांबीच्या स्वतंत्र नळ्यांचा जुडगा बसवला की तो झाला हेडर.

यामागील शास्त्र खोटे नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडताच दाबाची एक लाट नळीतून धावत सुटते. नळ्या जिथे एकमेकींना मिळतात, तिथून ती कमी दाबाची लाट होऊन माघारी फिरते. ही परतीची लाट नेमक्या क्षणी व्हॉल्व्हपाशी पोहोचली, तर सिलिंडरमध्ये उरलेला जळका वायू ती ओढून काढते आणि त्यामागोमाग ताजी हवा आत येते. तो ‘नेमका क्षण’ नळीच्या लांबीवर ठरतो. म्हणूनच चार नळ्या थेट एकीत मिळवल्या तर इंजिनाच्या वरच्या फेऱ्यांत जोर मिळतो. आधी दोन-दोन आणि मग एक अशी मांडणी केली तर मधल्या फेऱ्यांत. एका टप्प्यात कमावलेले बहुधा दुसऱ्या टप्प्यात थोडेसे गमवावे लागते. जाहिरातींत हा दुसरा भाग नसतो.

टर्बो नसलेल्या चांगल्या इंजिनाला यातून साधारण चार-पाच टक्के अधिक शक्ती मिळाली तरी काम उत्तम झाले म्हणायचे. तेही इंजिनाच्या संगणकाची जुळणी नव्याने केली तर. अलीकडच्या अनेक टर्बो इंजिनांत तर मॅनिफोल्ड सिलिंडर हेडच्या ओतकामातच सामावलेला असतो. तिथे बदलायला हेडर उरतच नाही. त्याऐवजी टर्बोच्या मागची ‘डाउनपाइप’ बदलली जाते. नाव वेगळे, परिणाम तोच.

फाउंडेशनचा संबंध कुठे येतो?

फोर्डने २०१६ मध्ये मस्टँग अधिकृतपणे भारतात आणली. पाच लिटरचे व्ही-८ इंजिन आणि सुमारे चारशे अश्वशक्तीची ही मोटार अनेक भारतीय शौकिनांसाठी अमेरिकी मोटार-संस्कृतीची पहिली प्रत्यक्ष ओळख ठरली. अशा व्ही-८ मोटारीत इंजिनाच्या दोन्ही अंगांना जागा इतकी अपुरी असते, की लांब नळ्यांचा हेडर सहसा सरळ आत जात नाही. माउंटचे बोल्ट सैल करून इंजिन जॅकवर थोडे उचलावे लागते. इतके उघडलेच आहे, तर जुने रबरी फाउंडेशन काढून पॉलियुरेथेनचे टणक माउंट का बसवू नये, असा विचार साहजिकच होतो. मजुरी एकदाच लागते.

मूळ माउंट रबराचे असते. बऱ्याच मोटारींत त्याच्या पोटात द्रवही असतो. उभ्या मोटारीतील बारीक थरथर शोषायची, पण इंजिनाने जोरात हिसका दिला तर त्याला धरून ठेवायचे, अशी दुहेरी कामगिरी त्याच्याकडे असते. पाय दाबताच इंजिन आपल्याच जोराने एका अंगाला कलंडते. रबर जुने झाले असेल तर हा कल इतका वाढतो, की गिअर बदलताना धक्का जाणवतो आणि एक्झॉस्टची नळी मोटारीच्या तळाला आपटते. नव्या हेडरच्या जोडापाशी तडा जाण्याचे हेही एक कारण असते. पॉलियुरेथेनचे माउंट हा कल रोखते. बदल्यात सिग्नलला उभे असताना डॅशबोर्ड, आरसे आणि कधी कधी दातही थरथरू लागतात. जो धक्का रबर गिळत होते, तो आता थेट सांगाड्यावरील आधारांवर जातो. तीनपैकी एकच माउंट टणक केले, तर उरलेल्या दोघांची वाट लवकर लागते. हा सारा सोसण्याचा आणि खर्चाचा मामला झाला. त्याने शेजाऱ्याचे काही बिघडत नाही. दहा वर्षांच्या मोटारीचे चिरलेले फाउंडेशन बदलणे तर दुरुस्तीच ठरते.

हेडरचे काम मात्र वरवर दिसते तितके सोपे नाही. शेकडो वेळा तापून थंड झालेले स्टड गंजून बसलेले असतात. आदल्या रात्रीपासून गंज सोडवणारे तेल मारून, धीराने, थंड इंजिनावरच ते सोडवावे लागतात. घाई केली तर स्टड अॅल्युमिनियमच्या हेडमध्येच तुटतो आणि दोन दिवसांचे काम दोन आठवड्यांवर जाते. पॅकिंग नवेच घ्यावे लागते. बोल्ट मधून कडेकडे, टॉर्क पान्याने, ठरलेल्या ताकदीनेच आवळावे लागतात आणि इंजिन काही वेळा तापून थंड झाल्यावर पुन्हा तपासावे लागतात. ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडे जोडात बारीकशी जरी फट राहिली, तरी दाबाच्या दोन लाटांमधल्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटते इंधन कमी पडते आहे. संगणक ते वाढवतो. मोटार अधिक पेट्रोल पिऊ लागते आणि मालक हेडरला दोष देत बसतो.

भारतात आणखी एक अडचण आहे. अमेरिकेत बनलेले बहुतेक हेडर डाव्या बाजूच्या सुकाणूसाठी आखलेले असतात. उजव्या बाजूच्या सुकाणूचा दांडा नेमका नळ्यांच्या वाटेत येतो. मग नळी दाबून, कापून, पुन्हा जोडून वाट काढली जाते. पातळ नळ्यांची धग जवळच्या वायरिंगला आणि ब्रेकच्या नळ्यांना लागते, तिच्यासाठी पट्ट्या गुंडाळाव्या लागतात. हे सारे कोणत्याही तपासणीशिवाय रस्त्यावर येते.

खरा प्रश्न ‘कॅट’चा

एवढ्यावरच भागले असते, तर हा विषय शौकिनांपुरता राहिला असता. खरी गोम आहे ती कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची, अर्थात ‘कॅट’ची. प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा लेप दिलेल्या जाळीतून जळका वायू जातो आणि कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन व नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे तुलनेने निरुपद्रवी वायूंत रूपांतर होते. पूर्ण तापलेला चांगला कॅट यांतील नऊदशांशांहून अधिक भाग मोडून काढतो. याचाच दुसरा अर्थ, तो काढून टाकला तर त्याच मोटारीतून त्याच रस्त्यावर दहापट किंवा त्याहून अधिक घातक वायू बाहेर पडू शकतो.

पूर्वी कॅट मोटारीच्या तळाशी, इंजिनापासून दूर असे. परंतु तो अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापल्याशिवाय नीट काम करत नाही, आणि सर्वाधिक प्रदूषण तर मोटार सुरू केल्यानंतरच्या पहिल्या मिनिट-दोन मिनिटांतच होते. त्यामुळे नियम जसजसे कडक झाले, तसतसा कॅट पुढे सरकत इंजिनाला चिकटत गेला. भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ लागू झाले. पेट्रोल मोटारीच्या नायट्रोजन ऑक्साइडांवर किलोमीटरला ६० मिलिग्रॅमची मर्यादा आली. १ एप्रिल २०२३ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात प्रत्यक्ष रस्त्यावरील उत्सर्जनाचीही अट आली. या साऱ्यांचा परिणाम असा, की आजच्या अनेक मोटारींत मॅनिफोल्ड आणि पहिला कॅट हा एकच जोडलेला भाग असतो. म्हणजे हेडर बदलणे आणि कॅट काढणे या आता दोन वेगळ्या क्रिया राहिलेल्या नाहीत. वीस वर्षांपूर्वी हेडर बसवणारा तरुण कॅटला हात न लावताही आपली हौस भागवू शकत होता. आज हेडर हवा म्हटला की पहिला कॅट बहुधा जातोच.

विशेष म्हणजे, शक्तीच्या दृष्टीने हा सौदा फायद्याचाही नाही. हेडरचा मुख्य लाभ नळ्यांच्या लांबीतून आणि मांडणीतून येतो. वायूला अधिक मोकळी वाट देणारा चांगल्या प्रतीचा कॅट पुढे जोडला, तर त्यातील फारच थोडा भाग कमी होतो. पण असा कॅट महाग असतो आणि तो नसल्याबद्दल कोणी विचारत नाही.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. अरुण मिश्रा व न्या. विनीत सरन यांच्या खंडपीठाने केरळमधील एका प्रकरणात या कलमाचा कडक अर्थ लावला आणि केरळ उच्च न्यायालयाचा शिथिल निर्णय रद्द केला. त्याच वर्षीच्या दुरुस्ती कायद्याने शिक्षेची तरतूदही स्पष्ट झाली. नव्या कलम १८२-अ अन्वये परवानगीविना बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. उत्पादक, आयातदार आणि ‘डीलर’ यांच्यासाठी ही तरतूद एक वर्षापर्यंत कैद किंवा वाहनामागे एक लाख रुपये अशी आहे. कायद्यातील ‘डीलर’च्या व्याख्येत वाहनदुरुस्ती करणाराही येतो, ही बाब बहुसंख्य गॅरेजवाल्यांच्या गावीही नसावी.

कागदावर हे जबरदस्त आहे. पण त्याच कलम ५२ च्या खाली एक स्पष्टीकरण आहे: ‘बदल’ म्हणजे वाहनाच्या रचनेतील असा फेरफार, ज्यामुळे त्याचे मूलभूत स्वरूप बदलते. हेडरने मोटारीचे मूलभूत स्वरूप बदलते काय? नोंदणी प्रमाणपत्रात इंजिन क्रमांक, सांगाड्याचा क्रमांक, क्षमता, इंधन, रंग यांची नोंद असते. मॅनिफोल्डची नसते, फाउंडेशनची तर नसतेच. तेव्हा एका वाचनानुसार हेडर हा ‘बदल’ ठरतच नाही. दुसऱ्या वाचनानुसार हेडर आणि फाउंडेशन दोन्ही सारखेच गुन्हे ठरतात आणि दोहोंना दंड तोच, पाच हजार. उत्सर्जनाच्या अंगाने पाहिले, तर कलम १९०(२) खाली आवाज व वायुप्रदूषणाची मानके मोडल्याबद्दल दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन महिने परवाना रद्द होऊ शकतो. पण त्यासाठी मानक मोडल्याचे मोजून दाखवावे लागते. आयात शुल्कासह लाखाच्या पुढे जाणारा हेडर बसवणाऱ्याला पाच काय आणि दहा हजार काय!

मोजण्याची अवस्था तर याहून केविलवाणी. प्रवासी मोटारीच्या आवाजाची मर्यादा ७४ डेसिबल आहे. पण ती प्रकार-मान्यतेच्या वेळची, साडेसात मीटर अंतरावरील माइकसमोरून मोटार वेग वाढवत नेताना मोजलेली. नाक्यावरच्या हवालदाराला ती चाचणी करता येणे शक्यच नाही. तो कान आणि अनुभव यांवर चालतो. त्यामुळे वाढीव आवाजाची दुचाकी सापडते. मागे मूळचा सायलेन्सर कायम ठेवून पुढे कॅट काढलेली मोटार त्याच्यासमोरून सभ्यपणे निघून जाते.

राहता राहिली पीयूसी. बीएस-४ आणि त्यापुढील पेट्रोल मोटारींसाठी उभ्या अवस्थेत कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा आहे. इंजिनाच्या फेऱ्या अडीच हजारांच्या आसपास नेऊनही एक मापन अपेक्षित असते. कॅट नसलेली मोटार यात अडकू शकते, हे खरे. पण इंजिनाचा संगणक हाताशी असलेल्या कारागिराला उभ्या मोटारीचे मिश्रण सुधारणे अवघड नसते. नायट्रोजनची ऑक्साइडे तर या चाचणीत मोजलीच जात नाहीत, आणि ती तयार होतात ती मोटारीवर भार पडल्यावर, घाटात किंवा महामार्गावर. बॉनेट उघडून कॅट जागेवर आहे का, हे पाहण्याची पद्धत तर नाहीच. मोटार न आणताही पीयूसी मिळते अशा तक्रारी होतात, तो विषय वेगळाच.

कॅलिफोर्नियातील क्रमांकाची चकती

जगातील सर्वात कडक उत्सर्जन नियमांच्या प्रदेशांत गणला जाणारा कॅलिफोर्निया हाच जगातील मोटार-हौशींचाही मोठा अड्डा आहे. तिथे हेडरवर सरसकट बंदी नाही. वाहन संहितेच्या कलम २७१५६ नुसार उत्सर्जनावर परिणाम करणारा कोणताही भाग तेथील एअर रिसोर्सेस बोर्डाच्या सूट-आदेशाविना बसवता येत नाही. उत्पादकाने आपला हेडर चाचणीला द्यायचा. मोटारीचे उत्सर्जन मर्यादेत राहते असे सिद्ध झाले, की त्याला आदेश क्रमांक मिळतो. तो क्रमांक भागावर कोरलेला किंवा चकतीवर असतो. बहुतेक मोटारींना दर दोन वर्षांनी ‘स्मॉग चेक’ करावा लागतो. त्यात तंत्रज्ञ बॉनेट उघडून डोळ्यांनी पाहतो: मूळ भाग आहेत का, नसतील तर क्रमांक आहे का. जुलै २०२१ पासून इंजिनाच्या संगणकातील प्रणाली बदलली आहे का, हेही तपासले जाते. सांता क्लारा परिसरातील मराठी अभियंत्यांच्या घरोघरी या चेकची धास्ती परिचयाची आहे.

याचा परिणाम बाजारावर झाला. कॅट मूळ जागीच ठेवणारे आखूड हेडर तिथे क्रमांकासह मिळतात. कॅटची जागा हलवणाऱ्या लांब हेडरला सहसा क्रमांक मिळत नाही आणि ते केवळ शर्यतीसाठी म्हणून विकले जातात. इंजिन माउंटचा उत्सर्जनाशी संबंध नाही, त्यामुळे त्याला कोणी क्रमांक विचारत नाही. आवाजासाठी साध्या मोटारींना ९५ डेसिबलची वेगळी मर्यादा आहे. ती आपल्या ७४ च्या तुलनेत सैल वाटेल. पण ती उभ्या मोटारीच्या नळीपासून जेमतेम वीस इंचांवर मोजायची असते. दोन आकड्यांची थेट तुलना करणे चुकीचे ठरेल. महत्त्वाचे हे, की ती चाचणी एखाद्या केंद्राच्या आवारात करता येते.

अर्थात तिथेही सारे आलबेल नाही. ‘केवळ शर्यतीसाठी’ ही पळवाट अमेरिकाभर इतकी रुळली, की नोव्हेंबर २०२० मधील अहवालात तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने आधीच्या सुमारे दशकभरात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपची उत्सर्जन यंत्रणा काढली गेल्याचा अंदाज मांडला. त्यातून ५ लाख ७० हजार टन अतिरिक्त नायट्रोजन ऑक्साइडे हवेत जाणार असल्याचे गणितही त्यात होते. हौशी लोकांचे प्रमाण कितीसे असणार, असे म्हणणाऱ्यांसाठी हा आकडा पुरेसा बोलका आहे. जर्मनीत पद्धत वेगळी, तत्त्व तेच: मान्यतापत्र असलेला भाग बसवा, तपासून घ्या, गरज असेल तर कागदपत्रांत नोंदवा, अन्यथा मोटारीचा रस्त्यावर चालण्याचा परवानाच संपुष्टात येतो.

उत्तर कोथरूडच्या टेकडीवर

हे सारे भारतात अशक्य आहे, असे मानण्याचे कारण नाही. कारण ते आपल्याकडे आधीच घडले आहे. पेट्रोल मोटारीला सीएनजी किट बसवणे हा हेडरपेक्षा कितीतरी मोठा बदल आहे. इंधन बदलते, डिकीत उच्च दाबाची टाकी येते. तरीही राज्यात असंख्य मोटारी हे किट घेऊन कायदेशीरपणे धावतात. किटची प्रकार-मान्यता पुण्यातील एआरएआयसारख्या संस्थेकडून घ्यायची, अधिकृत केंद्रातून ते बसवायचे आणि आरटीओत नोंदणी प्रमाणपत्रावर शेरा मारून घ्यायचा, अशी ही सरळ वाट आहे. २०२२ मध्ये ती बीएस-६ पेट्रोल मोटारींसाठीही खुली झाली. कोथरूडच्या टेकडीवरील ज्या प्रयोगशाळेत कंपन्यांच्या मोटारींचे उत्सर्जन मोजले जाते, तिथे हेडरचे मोजता येणार नाही असे मुळीच नाही. वाट नाही ती नियमांत.

ही वाट काढली तरी तिच्या मर्यादा स्पष्ट आहेत. शहरात मोजक्याच असलेल्या मस्टँगसाठी कोणी व्यावसायिक चाचणीचा खर्च करणार नाही. परदेशातील मान्यता इथे आपोआप चालतील, असेही नाही. सुटे भाग एकमेकांच्या देशांत मान्य करण्याच्या १९५८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात भारत सहभागी नाही. तो १९९८ च्या करारात आहे आणि त्यात अशी परस्पर मान्यता अंतर्भूत नाही. शर्यतीच्या ट्रॅकवर जाऊन हौस भागवा, हा सल्ला सोपा आहे. पण चेन्नईजवळचे इरुंगट्टुकोट्टई, कोइम्बतूरचा करी किंवा ग्रेटर नोएडाचा बुद्ध हे नामांकित ट्रॅक मुंबईपासून हजार किलोमीटरपेक्षा दूर आहेत.

पण मोटारी हा या प्रश्नाचा लहान भाग आहे. बीएस-६ च्या अनेक मोटारसायकलींत कॅट बेंड पाइपमध्ये किंवा सायलेन्सरच्या तोंडाशी असतो. रोलरखाली चिरडला जाणारा सायलेन्सर बसवताना मूळचा कॅट अनेकदा आधीच निघून गेलेला असतो. या बेंड पाइपला आणि लोकप्रिय मोटारींच्या हेडरला मान्यतेची वाट दिली, पीयूसी केंद्रात कॅट जागेवर आहे का एवढे डोळ्यांनी पाहण्याचे बंधन घातले आणि फाउंडेशनसारख्या निरुपद्रवी भागांना कलम १८२-अच्या कक्षेबाहेर काढले, तर आरटीओच्या अपुऱ्या मनुष्यबळालाही नेमके काय शोधायचे ते कळेल. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या यादीत मुंबई, पुणे आणि नागपूर २०१९ पासून आहेत. त्या शहरांत निदान एवढी अपेक्षा गैर ठरू नये.

आजच्या घडीला या गोंधळाची सर्वाधिक झळ बसू शकते ती मोटारीच्या दुसऱ्या मालकाला. स्पोर्ट्स मोटारी हात बदलतात तेव्हा पहिला मालक हेडर काढून ठेवतोच असे नाही, आणि मूळचा मॅनिफोल्ड तोवर अनेकदा भंगारात गेलेला असतो. हस्तांतरणाच्या वेळी आरटीओ सांगाडा क्रमांक पाहतो, बॉनेटखालच्या नळ्या पाहत नाही. नोंद कुठेच नसल्याने खरेदीदाराला विचारण्याची सोय नाही. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर मात्र बॉनेट उघडतो, न कळवलेला बदल टिपतो आणि दाव्यावर आक्षेप येऊ शकतो. बदल आपण केलाच नाही, हे सिद्ध करण्यासाठी त्या मालकाच्या हाती तेव्हा एकही कागद नसतो.